पुरात पहिला हात शेजाऱ्याचा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. वीज गेली, मोबाइल बंद पडले. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत अनेकांना आधार होता तो शेजारच्या वरच्या मजल्याचा. १९९५ च्या कोबे भूकंपातही ढिगाऱ्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते.

कोकणात पूर झपाट्याने चढतो. सह्याद्रीवरचा पाऊस काही तासांत खाली उतरतो. त्याच वेळी भरती असेल, तर खाडी ते पाणी घेत नाही. आणि तेव्हा घरात असतात कोण? मुलगा-सून मुंबईला, गावी सत्तरीतले दोघे. एकाला इन्सुलिन, दुसऱ्याला जिना चढवत नाही.

रुग्णालयात आलेल्यावर आम्ही उपचार करू. जो पोहोचतच नाही, त्याचे काय? म्हणून मे महिन्यातच प्रत्येक वाडीने, त्या-त्या घराला विचारून, एक यादी करावी: एकटे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या गर्भवती, डायलिसिसचे रुग्ण. प्रत्येक नावापुढे त्यांना हलवणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे हवीत. यादी कागदावर असावी. एक प्रत आशाताईंकडे. गणपतीत कोणाकडे आरती कधी, हे वाडीला तोंडपाठ असते; हेही तसेच असावे.

दोन आठवड्यांची औषधे आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. वीज गेली तरी इन्सुलिन फेकू नका. वापरातली कुपी थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते. उन्हाळ्यासारखा उकाडा असेल, तर कोरड्या पिशवीत घालून मडक्याच्या गारव्यात ठेवा.

पाणी ओसरल्यावर लेप्टोचा धोका. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून तो जखमेवाटे शिरतो. गमबूट घाला, पाणी उकळून प्या. डॉक्सिसायक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. गर्भवतींना आणि लहान मुलांना परस्पर देऊ नका. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, असे काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यातून शासनाची जबाबदारी संपत नाही. वेळेवर इशारा, गाळ काढणे, बोटी, औषधसाठा ही त्यांचीच कामे, आणि ती मागायलाच हवीत. पण पहिले काही तास वाडीचे असतात. शेजारच्या आजींच्या गोळ्या कुठे असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे का?