दरी कोणाची, वाट कोणाची?

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर या परगण्यांच्या सीमेवरून डव्ह नावाची एक छोटी नदी वाहते. चुनखडकाच्या पठारात तिने जी अरुंद दरी कोरली आहे, तिला डव्हडेल म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्या दरीतून पायी जाण्याचा योग आला. थॉर्प क्लाउड या टेकडीच्या पायथ्याशी नदीत ओळीने मांडलेले दगड आहेत. त्यांवरून पलीकडे गेले की सुमारे पाच किलोमीटरची वाट पाण्याच्या काठाकाठाने मिलडेलच्या जुन्या दगडी पुलापर्यंत जाते. दोन्ही अंगांना कडे आणि सुळके उभे आहेत. मध्येच उजव्या हाताला चढण चढून गेल्यास एक नैसर्गिक कमान लागते आणि तिच्या मागे रेनार्डची गुहा. तेहतीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उष्ण समुद्रातील जीवांची कवचे साचून हा खडक झाला, आणि पाण्याने तो विरघळवून या गुहा केल्या.

वाटेत कोणी हटकले नाही. शाळेची मुले होती, कुत्री घेऊन निघालेली वृद्ध जोडपी होती, कारखान्यातील सुटीचा दिवस साजरा करणारी कुटुंबे होती. हे सारे इतके सहज वाटते की ते निसर्गाचेच देणे असावे असा भ्रम होतो. परंतु दरी निसर्गाने दिली, तरी दरीतून चालण्याचा अधिकार निसर्ग देत नाही. तो माणसांना एकमेकांकडून मिळवावा लागतो.

याच डोंगराळ प्रदेशाच्या उत्तर भागात ६३६ मीटर उंचीचे किंडर स्काउट हे पठार आहे. तेथील चुनखडक संपून वालुकाश्म सुरू होतो. काळ्या, पाणथळ पीट मातीवर हेदरच्या झुडपांचे माळरान पसरलेले असून ऑगस्टमध्ये ते जांभळे होते. एके काळी अशा माळांवर आसपासच्या गावकऱ्यांची गुरे-मेंढरे चरत आणि जळणासाठी पीट काढले जाई. पुढे कुंपणबंदीचे कायदे आले. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमध्ये असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि देशाच्या एकपंचमांश भूमीवर, म्हणजे सुमारे अडुसष्ट लाख एकरांवर, त्यांचा अंमल झाला. मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात भूमिहीन मजुराच्या जन्माची जी कथा सांगितली आहे, तिचा गाभा हाच आहे.

कुंपणबंदीचे समर्थक म्हणत की खासगी मालकीमुळे उत्पन्न वाढते. काही सुपीक प्रदेशांपुरते ते खरेही असेल. वाढीव उत्पन्न कोणाच्या पदरात पडले हा प्रश्न वेगळा. परंतु किंडरच्या माळावर धान्य पिकणार नव्हते. तेथे ग्राऊस नावाचे पक्षी पाळले जात, १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होई आणि जमीनमालक व त्यांचे पाहुणे वर्षातले मोजके दिवस बंदुका घेऊन येत. त्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभर राखणदार ठेवून बाकीच्यांना हुसकले जाई. एका बाजूला मँचेस्टर आणि दुसऱ्या बाजूला शेफील्ड, म्हणजे धुराने काळवंडलेली दोन कामगारनगरे, आणि मध्ये स्वच्छ वाऱ्याचा हा माळ कुलूपबंद!

२४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावातून काही शे तरुण कामगार या माळावर जाण्यासाठी निघाले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. मंदीचे दिवस होते. राखणदारांशी झटापट झाली, त्यांतला एक जखमी झाला, आणि परत येताना पोलिसांनी धरपकड केली. दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून आरोप ठेवला गेला दंगलीचा. ज्युरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदारवर्गातील गृहस्थांचा भरणा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिन्यांची. त्याच वर्षी कॅसलटनजवळच्या विनॅट्स या चुनखडकी घळीत हजारो पदभ्रमण करणारे सभेसाठी जमले.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या एका दिवसाने कायदा झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. डोंगरांवरील प्रवेशाचे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ सालीच मांडले होते. पदभ्रमणाच्या जुन्या संघटनांचा तर १९३२ च्या कृतीस विरोधच होता. यामुळे वाटाघाटी बिघडतील असे त्यांना वाटे. अर्ज करणारे आणि तुरुंगात जाणारे एकमेकांवर रागावलेले होते, आणि तरीही दोघांच्या श्रमांची बेरीज झाली. १९४९ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेशाचा कायदा केला, १९५१ साली हा प्रदेश ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील डोंगर, माळराने व नोंदलेल्या सामायिक जमिनींवर पायी फिरण्याचा सर्वसाधारण हक्क मान्य झाला. ज्या ड्यूकच्या घराण्याची त्या माळावर मालकी होती, त्याच्या वारसाने २००२ साली जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

विजय साजरा करण्यापूर्वी हिशेब मात्र तपासला पाहिजे. २००० च्या कायद्याने खुली झालेली भूमी इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के आहे. माळावर चालता येते. पण त्याच कायद्याच्या आधारे नदीत पोहता येत नाही. नदीतील मासेमारीचा हक्क जमिनीसारखीच मालमत्ता आहे. हक्क ‘खुल्या हवेतील’ विहाराचा असल्यामुळे गुहेत तो कुठपर्यंत पोचतो यावरही वाद झाले. डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने नाकारला, जुलैत वरच्या न्यायालयाने परत दिला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जणू मिळालेला हक्क दर पिढीला पुन्हा मिळवावा लागतो.

याहून मोठी बाब वेगळीच आहे. गावकऱ्यांनी गमावले होते ते चराईचे आणि जळणाचे हक्क, म्हणजे उपजीविका. त्यांच्या पणतवंडांना परत मिळाला तो रविवारी फिरण्याचा हक्क. जे गेले आणि जे परत आले, त्यांची तुलना करणाऱ्याला या लढ्याचे मोल कमी वाटणार नाही; पण एकदा गेलेली सामायिक भूमी संपूर्णपणे परत येत नाही, हा धडा तो विसरणार नाही.

आपल्या देशात हीच मालकीची कल्पना इंग्रजी राज्याबरोबर आली. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी सरकारने जंगलांवर मालकी सांगितली. किंडरच्या दीड वर्ष आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मँचेस्टरच्या कामगाराला तुरुंग मिळाला. चिरनेरच्या शेतकऱ्याला आणि आदिवासीला गोळी मिळाली. स्वतंत्र भारताला २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत पोचायला साठ वर्षे लागली. त्या कायद्याखाली २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, आणि तो फिरण्याचा नव्हे, बांबूचा म्हणजे भाकरीचा हक्क होता. गाव एकत्र बसून सामायिक साधन सांभाळू शकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या उदाहरणांनी मांडले आणि २००९ सालीच त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मेंढ्याच्या ग्रामसभेला त्या ग्रंथाची वाट पाहावी लागली नव्हती.

कोणी म्हणेल, भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना वाटांची चर्चा कशाला? १९३२ चे ते तरुणही बेकारीच्या छायेतच वावरत होते. शिवाय आपल्याकडे वाट ही चैन नाही. शेतापर्यंतची पाणंद, गावच्या शिवेवरचा रस्ता, पाणवठ्याची वाट, घाट उतरून बाजाराला जाणारी पायवाट या गरिबाच्या जगण्याच्या वाटा आहेत. आज सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जमिनींचे पट्टे विकले जात आहेत आणि तारेची कुंपणे पडत आहेत. एखादी वाट बंद झाल्याची बातमी होत नाही. म्हातारी माणसे लांबचा फेरा घेऊ लागतात, इतकेच.

म्हणून एक साधी सूचना करतो. प्रत्येक शाखेने आपल्या गावाचा गावनकाशा काढून घ्यावा आणि त्यावर दाखवलेल्या वाटा गावातील वृद्धांना बरोबर घेऊन एकदा पायी चालाव्यात. कोठे अडवणूक झाली आहे त्याची नोंद करावी. वहिवाटीचा रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; पण ती अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. उशीर हा कुंपण घालणाऱ्याचा साथीदार आहे. चराईची गायराने आणि पाणवठे यांचीही अशीच पाहणी व्हावी.

इंग्लंडमध्ये वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन १९४९ च्या कायद्याने घातले, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. आपल्याकडे नकाशे तालुक्याच्या कचेरीत अजून आहेत, वृद्धांच्या स्मरणात वाटा अजून आहेत. दोन्ही नाहीसे होण्यापूर्वी आपण चालायला लागले पाहिजे.