रंगपेटीतली अहिंसा

जैन घरात गोळ्या-बिस्किटांचा पुडा आणला की तो आधी उलटा करून पाहिला जातो. हिरवा ठिपका शोधला जातो, घटक वाचले जातात आणि जिलेटिनचा नुसता संशय आला तरी पुडा बाजूला पडतो. त्याच घरातील मुलगी एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीला लागते, तेव्हा तिच्या रंगपेटीची मागची बाजू मात्र कोणी वाचत नाही. रंगांवर हिरवा ठिपका छापण्याचे बंधन नाही, आणि रंग म्हणजे केवळ रंग, अशी सर्वांची समजूत असते.

वस्तुस्थिती निराळी आहे. ‘आयव्हरी ब्लॅक’ या नावाचा काळा रंग एके काळी हस्तिदंत जाळून करीत. आज तो जनावरांची हाडे जाळून केला जातो. अस्सल ‘कारमाइन’ हा तांबडा रंग कोचिनील नावाच्या किड्यांना वाळवून मिळतो. ‘सेपिया’ या तपकिरी छटेचे मूळ समुद्रातील एका जीवाच्या शाईत आहे. अर्थात आज ती छटा बहुधा इतर रंगद्रव्यांच्या मिश्रणातून साधली जाते. जलरंग बांधून ठेवणारा डिंक बाभळीच्या कुळातील झाडांचा असतो, पण काही कंपन्या त्यात मधही घालतात.

मग चित्रकला सोडावी काय? मुळीच नाही. येथे विद्यार्थ्याच्या मदतीला रंगशास्त्राचा पहिलाच धडा येतो.

लाल, पिवळा आणि निळा हे रंगकामातील तीन मूळ रंग. त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग होतात. हे सहा रंग क्रमाने वर्तुळात मांडले की रंगचक्र तयार होते. रंग वर्तुळात मांडण्याची कल्पना न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात आढळते. चक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांचे विरोधी : लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. विरोधी रंग एकत्र आले की एकाने परत पाठवलेला प्रकाश दुसरा गिळतो. डोळ्यापर्यंत फारसे काही पोहोचत नाही आणि मिश्रण काळपट दिसते.

नवख्या विद्यार्थ्याचे चित्र मळकट होते ते याच कारणाने. आणि हाडांच्या काळ्यावरचा उपायही हाच. गडद निळा ‘अल्ट्रामरीन’ आणि विटकरी ‘बर्न्ट सिएना’ दाट मिसळले की खोल काळा रंग मिळतो. पहिला आज कारखान्यात रासायनिक रीतीने होतो, दुसरा लोहयुक्त मातीचा. हा काळा हवा तसा निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येतो, म्हणून सावलीत तो नळीतल्या काळ्याहून जिवंत वाटतो. तयार काळाच हवा असेल तर काजळीपासून केलेला ‘लॅम्प ब्लॅक’ घ्यावा. चांगल्या प्रतीच्या नळीवर रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो : ‘पीबीके ७’ म्हणजे काजळीचा काळा, ‘पीबीके ९’ म्हणजे हाडांचा आणि ‘एनआर ४’ म्हणजे किड्यांचा तांबडा. एवढे तीन संकेत घरात सर्वांना पाठ असावेत.

कापडाच्या व्यापाऱ्यांना या शास्त्राची आणखी एक बाजू ओळखीची वाटेल. पॅरिसच्या गोबलँ या राजकीय विणकाम कारखान्यात काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तेथील रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी शोध घेतला तेव्हा दोष रंगाईत नव्हताच; शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे डोळ्याला तो काळा फिका भासत होता. १८३९ साली त्यांनी हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला : शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप पालटतात. हिरव्या काठाशेजारी लाल साडी अधिक लाल दिसते, ती यामुळेच. गिऱ्हाईक साडी दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहते, त्यालाही शास्त्राचा आधार आहे. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात.

उष्ण आणि शीत रंगांचा धडा तर धायरीच्या मुलांना गच्चीवर उभे राहून गिरवता येतो. जवळच्या टेकडीवरची माती तांबूस, गवत पिवळट दिसते. सिंहगडाची दूरची रांग मात्र निळसर आणि फिकी. मधली हवा निळा प्रकाश विखुरते, म्हणून दूरचे सारे शीत भासते. चित्रातही जवळच्या वस्तूंना उष्ण रंग आणि दूरच्यांना शीत रंग दिले की सपाट कागदावर अंतर उमटते.

जैन परंपरेला रंग परके नाहीत. पंचपरमेष्ठींची आठवण देणाऱ्या ध्वजात पाच रंग आहेत. कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्यांत हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, लाजवर्दाचा निळा, काजळीचा काळा आणि सोने झळकते. यांतील बहुतेक रंग खनिज आहेत. जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जपलेला आहे.

शेवटी ब्रश आणि कागद. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणे वा बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी ते चोरून विकले जातात. खार, डुक्कर यांच्या केसांचेही ब्रश असतात. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे ब्रश स्वस्त असतात आणि विद्यार्थ्याच्या कामाला पुरतात. जलरंगाच्या काही महागड्या कागदांवर जिलेटिनचा लेप असतो. तो नसलेला कागद दुकानदाराकडे मागून घ्यावा. स्टेशनरीचा व्यवसाय असणाऱ्या कुटुंबांनी तर घाऊक मागणी नोंदवतानाच ही विचारणा करावी. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार विचारतो, आणि दुकानदार विचारू लागले की कारखानदाराला उत्तर द्यावे लागते.

जयणा म्हणजे चालताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना राखलेले भान. रंगाची नळी उचलतानाही ते राखता येते. मूळ रंगांतून काळा घडवायला शिकलेले मूल चित्रकलेचा एक धडा शिकते आणि धर्माचाही.