आकडे वर जातात, खाली काय येते?

चंडीपुरा हे नाव जगातील विषाणुशास्त्राच्या ग्रंथांत नागपुरातून गेले. १९६५ साली नागपूरच्या चंडीपुरा या वस्तीतील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला आणि त्याला त्या स्थळाचेच नाव देण्यात आले. पुढे जवळजवळ चार दशके त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि विदर्भात मेंदुज्वराने मुले दगावू लागली तेव्हा त्याचे खरे रूप प्रकट झाले. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली व त्यांतील १८३ मृत्यू पावली. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याचीच पुनरावृत्ती झाली. सकाळी अंगणात खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते, त्याला झटके येतात आणि पुष्कळदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सारे संपते. ज्या रोगाला दोन दिवस पुरतात, त्याची वर्दी आठवड्याच्या तक्त्यातून देणे म्हणजे तेराव्याला वैद्य बोलावण्यासारखे आहे.

म्हणून संसर्गजन्य रोगांची नोंद संगणकावरून, त्याच दिवशी आणि गावाच्या नावानिशी आरोग्य यंत्रणेकडे गेली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. यंत्र आले की ते श्रमिकांच्या विरुद्धच असणार, अशी एक सवयीची प्रतिक्रिया डाव्या चळवळीत अधूनमधून उमटते. या प्रश्नात ती अस्थानी आहे. टपालाने जाणाऱ्या कागदात गरिबांचे हित नव्हते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची वार्ता पसरली, तेव्हा सरकारच्या हाती विश्वसनीय आकडा नव्हता. माहिती नव्हती म्हणून अफवा होती, आणि अफवेने लाखो लोकांना सुरत सोडायला लावले. त्या धक्क्यातूनच रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेविकेने लक्षणांचा, डॉक्टरने संशयित निदानाचा व प्रयोगशाळेने खात्रीच्या निदानाचा तक्ता भरायचा, अशी त्याची त्रिस्तरीय रचना. एकात्मिक आरोग्य माहिती मंच हा त्याचा नवा अवतार. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी तो सात राज्यांत आणि ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर आला. अठरा रोगांऐवजी तेहतीस रोग, आठवड्याऐवजी दिवस, आकड्यांच्या बेरजेऐवजी एकेका रुग्णाची नोंद. कागदावर यात उणे काढण्याजोगे थोडेच आहे.

प्रश्न पुढचा आहे. ही माहिती कोण निर्माण करतो, त्याला त्याचे काय मिळते आणि ती शेवटी कोणाच्या मालकीची होते?

पहिली नोंद करते ती गावपाड्यातील आरोग्यसेविका आणि तिच्या पुढे दारोदार जाणारी आशा. आशेला सरकार कर्मचारी म्हणत नाही, 'स्वयंसेविका' म्हणते. वेतन नाही; मानधन आहे आणि कामागणिक मोबदला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून या स्त्रियांनी संप केला, आश्वासन मिळाले, ते पाळले गेले नाही म्हणून २०२४ च्या आरंभी त्या आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या, तेव्हा मार्चमध्ये मानधनात ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली. जिल्ह्याच्या कचेरीत आकडे भरणारे व तपासणारेही बहुतांशी राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कामगार. ऑगस्ट २०२५ मध्ये सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी त्यांनी राज्यभर बेमुदत संप केला. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की रोगाची वेळेवर मिळालेली माहिती ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा लाभ सर्वांना होतो आणि म्हणूनच तिचा खर्च कुणी एकटा उचलणार नाही, तो राज्यसंस्थेनेच उचलायचा असतो. येथे राज्यसंस्थेने सॉफ्टवेअरचा खर्च उचलला आणि माणसाचा खर्च आशेच्या पदरात टाकला. रिचार्ज संपलेल्या मोबाईलवर कसली तात्कालिक माहिती येणार?

दुसरे टोक खासगी वैद्यकाचे. शहरातील तापाचा रुग्ण आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, तिथून खासगी प्रयोगशाळेत, आणि पैसा संपला की मेयोत किंवा मेडिकलमध्ये. नागपुरात दर पावसाळ्यानंतर डेंग्यूचा जो वाद रंगतो त्याचे मूळ इथे आहे. खासगी प्रयोगशाळेत बहुधा झटपट निकाल देणारी कार्ड टेस्ट होते. राष्ट्रीय कार्यक्रम मात्र एलायझा चाचणीने सिद्ध झालेलाच डेंग्यू खरा मानतो. शास्त्रीय दृष्टीने हा नियम चुकीचा नाही. परंतु कार्ड टेस्टवर डेंग्यू ठरलेल्या प्रत्येकाचे रक्त पुन्हा एलायझासाठी सरकारी प्रयोगशाळेत नेण्याची सोय नसेल, तर तोच नियम रोग कमी दाखवण्याचे साधन बनतो. वस्तीतल्या घराघरांत माणसे अंथरुणाला खिळलेली असतात आणि अधिकृत तक्त्यात बोटांवर मोजण्याइतके रुग्ण असतात. फवारणीचे पथक तक्त्याप्रमाणे फिरते, डासाप्रमाणे नाही.

क्षयाच्या बाबतीत सरकारने कठोरपणाही करून पाहिला. मे २०१२ मध्ये क्षयाची नोंद सक्तीची झाली व त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय नोंदवही आली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने नोंद न करणाऱ्या डॉक्टरला, प्रयोगशाळेला व औषध विक्रेत्यालाही दंडसंहितेतील २६९ व २७० या कलमांचा धाक घातला. सोबत खासगी डॉक्टरला नोंदीसाठी ५०० आणि उपचारांचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये देऊ केले. नोंदी वाढल्या हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा देशभर तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्या असे कळवले, तेव्हा कोणते कलम कोणाला लागू झाले? डॉक्टरने आकडा न कळवणे हा गुन्हा. कळवलेल्या रुग्णाला गोळी न मिळणे ही केवळ प्रशासकीय अडचण!

ही एकतर्फी नजर जुनी आहे. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये घाईने करण्यात आला. त्यात सरकारला हवे ते करण्याची मुभा आहे, आणि सरकारी कृत्याविरुद्ध दाद मागता येऊ नये यासाठी चौथे कलम आहे. रोग्याला काय मिळावे, याविषयी एक अक्षर नाही. पुण्यात गोरे शिपाई घरोघर शिरले आणि लोकांनी रोगी लपवले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. रोगी शोधण्याच्या या दोन पद्धती होत्या. एकीपासून लोक पळत होते, दुसरीकडे येत होते. आजचा धाक बंदुकीचा नाही, नाव उघडे होण्याचा आहे. जून २०२३ मध्ये लसीकरणाच्या नोंदीतील नागरिकांचे तपशील टेलिग्रामवर मिळू लागल्याच्या बातम्या आल्या. सरकारने मूळ यंत्रणेतून गळती झाल्याचे नाकारले. ज्या भाडेकरूला क्षय कळताच खोली सोडावी लागते, त्याचे अशा खुलाशाने समाधान कसे व्हावे?

बरे, संगणक असला म्हणजे आकडा आपोआप खरा होतो, हाही भ्रम कोविडने दूर केला आहे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने पूर्वी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले. त्यांतील ८६२ मुंबईचे होते. नागपूरच्या दैनिक पत्रकात मात्र एक रकाना शहाणपणाचा होता: शहर, ग्रामीण आणि तिसरा 'जिल्ह्याबाहेरील'. नागपूर हे विदर्भाचेच नव्हे, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांचेही इस्पितळ आहे, हे वास्तव त्या रकान्याने कबूल केले होते.

त्या वास्तवाचे महत्त्व सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वांना समजले. छिंदवाड्याच्या परासिया भागातील मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपुरात दाखल होऊ लागली. आरंभी संसर्गाचा संशय घेतला गेला, पाण्याचे नमुने तपासले गेले. नागपुरात झालेल्या मूत्रपिंडाच्या तपासण्यांनी विषबाधेकडे बोट दाखवले आणि अखेर खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल निघाले. वीसहून अधिक बालके गेली. असा आजार कोणत्याही तयार यादीत नसतो. अनपेक्षित घटनेची सूचना देण्याची सोय संगणकीय यंत्रणेत आहे. पण सूचना देतो तो शंका घेणारा माणूस. दोन राज्यांतील रुग्णांची कागदपत्रे शेजारी ठेवून 'हे काहीतरी निराळे आहे' असे म्हणायला फुरसत असलेला डॉक्टर आणि ते ऐकायला बसलेला साथरोगतज्ज्ञ, ही दोन माणसे नेमण्यावर सरकारचा हात आखडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे लक्ष्य ठेवले होते. ते वर्ष लक्ष्य गाठल्याविनाच सरले.

यातून सर्वांत मोठा दोष असा दिसतो की आकडा वर जातो, तो खाली परत येत नाही. ज्या आशेने तापाची पाच नावे कळवली, तिला शेजारच्या गावात काय चालले आहे हे कळत नाही. देशातील उद्रेकांचा साप्ताहिक अहवाल प्रसिद्ध होतो, पण अनेकदा इतक्या विलंबाने की तो इतिहासाच्या अभ्यासकांनाच उपयोगी पडावा. नागरिकाला आपल्या प्रभागातील डेंग्यू वर्तमानपत्राच्या बातमीतून समजतो. माहिती उघड केल्यास घबराट पसरेल, असे अधिकारी सांगतात. सुरतेची घबराट मात्र माहिती नसल्यामुळे पसरली होती.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नागपूर महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होता, आणि आकड्यांविषयी जाब विचारायला नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. नव्या सभागृहाला काही मागायचेच असेल तर पावसाळ्यापूर्वी त्याने इतके मागावे: संशयित आणि सिद्ध अशा दोन स्वतंत्र रकान्यांत, रुग्णांची नावे वगळून, प्रभागवार आकडे दर सोमवारी झोन कार्यालयाच्या फलकावर लावावेत, खासगी प्रयोगशाळेतील कार्ड टेस्टचे नमुने एलायझासाठी उचलण्याचा खर्च पालिकेने करावा, 'जिल्ह्याबाहेरील' हा रकाना कायम ठेवून त्याची प्रत रोज छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाटला पाठवावी, आणि नोंद भरणाऱ्या आशेच्या मोबाईलचा व तिच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा.