नऊ व्होल्टची बॅटरी आणि लग्नाची तारीख

वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी हनुवटीवरच्या केसांबद्दल लिहितेय म्हटल्यावर वर्गात दोघी-तिघी हसल्या. त्यातलीच एक संध्याकाळी हॉस्टेलच्या जिन्यात गाठून विचारायला लागली, "ते घरी करायचं मशीन खरंच चालतं काय गं?" या विषयाचं आपल्याकडे असंच आहे. चारचौघींत हसायचं आणि जिन्यात विचारायचं.

तर, चालतं. पण जाहिरातीत दाखवतात तसं नाही, आणि घरच्यांना हवं असतं तेवढ्या लवकर तर मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच की जिला हे करायचंय तिला ते नीट शिकू द्या, आणि शिकायला लागतो तेवढा वेळ द्या. बघायला येणारे पाहुणे, बहिणीचा साखरपुडा, असल्या मुदती घालून सुई हातात घेतली की चेहऱ्यावर डाग पडतात. मग केस परवडले म्हणायची वेळ येते.

आधी हे आहे काय ते बघू. 1875 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं केस काढायला ही पद्धत वापरली, आणि तीही सौंदर्यासाठी नव्हे. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचायचे, अशा पेशंटसाठी. मागचं रसायनशास्त्र तर आपण सगळ्या सायन्सवाल्यांनी पीयूसीला घोकलंय. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की ऋणाग्रापाशी हायड्रोजन सुटतो आणि सोडिअम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. इथं मिठाचं पाणी म्हणजे आपल्याच त्वचेतला ओलावा, आणि ऋणाग्र म्हणजे केसाच्या छिद्रात सरकवलेली बारीक सुई. तळाशी कणभर सोडा तयार होतो आणि केस जिथून उगवतो ती जागा तो जाळून टाकतो. धनाग्र आपल्याच हाताला किंवा बोटाला लागलेलं असतं. घरगुती पेनसारख्या यंत्रात साधारण एक 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी असते आणि करंट एक मिलिअँपिअरच्या आत. (तारा उलट जोडून सुई धनाग्र झाली तर सुईचा धातू त्वचेत उतरून गोंदल्यासारखा काळा ठिपका राहू शकतो. तेव्हा माहितीपत्रक वाचा. तेवढंच तर वाचायचं असतं.)

सोड्याचं मापही या कामात ठरलेलं आहे. एका मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा करंट एक सेकंद दिला की एक युनिट. अर्धा मिलिअँपिअर दहा सेकंद दिला तर 50 युनिट. सोसत नसेल तर करंट कमी करा आणि वेळ वाढवा, गुणाकार तोच राहतो. फॅरेडेचा नियम दुसरं काय सांगतो? परीक्षेत दोन मार्कांना आला की आपण लिहून मोकळ्या होतो, तो आपल्या हनुवटीलाही लागू आहे हे कुणी सांगत नाही.

हे झालं पुस्तकातलं. खरी अडचण हाताची आहे. मिक्सर आणला, बटण दाबलं, चटणी झाली, असं या यंत्राचं होत नाही. सुई त्वचेत खुपसायची नसते. छिद्र आधीच तिथं आहे, त्यात ती सरकवायची असते, आणि केस ज्या कोनात बाहेर आलाय त्याच कोनात. दुसऱ्या हातानं कातडी थोडी ताणून धरायची. सुई अडली, टोचली, रक्ताचा ठिपका आला, तर समजायचं की रस्ता चुकलाय. बाहेर काढायची, जोर लावायचा नाही. बरोबर गेली की जाणवतसुद्धा नाही, करंट सुरू झाल्यावर तेवढी चुरचुर होते. काही सेकंदांत छिद्राच्या तोंडाशी बारीक पांढरा फेस येतो, तो हायड्रोजन. मग चिमट्यानं केस धरला की तो लोण्यातून काढल्यासारखा सुटून यायला हवा. ओढावा लागला तर तुम्ही केस उपटला, मूळ तिथंच आहे.

माझी शहापूरची मावसबहीण गेले पाच-सहा महिने हे शिकतेय. तिनं सुरुवात पायाच्या नडगीवर केली. मावशी येऊन बघून गेली आणि म्हणाली, "काय करूलालीस गं पायाला? केस तर हनुवटीला हाईत!" पण ताईचं बरोबर होतं. नडगी डोळ्यांसमोर असते, आरशात उलटंसुलटं बघावं लागत नाही, आणि चुकलं तर चुडीदाराखाली झाकतं. पहिल्या दिवशी दहा केस, एकमेकांपासून लांबलांबचे, आणि मग आठ दिवस थांबून खपली कशी धरते, डाग राहतो काय ते बघायचं. शेजारशेजारचे केस एकाच बैठकीत काढले की सोडा एका जागी साठतो आणि खड्डा पडतो. आपल्या सावळ्या त्वचेला तर काळा डाग फार लवकर धरतो आणि जायला महिने घेतो. ताईकडे टेबलाला लावायचा भिंगाचा दिवा आहे, सर्जिकल स्पिरिट आहे, आणि तिची सुई ती सख्ख्या बहिणीलाही देत नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, हॉस्टेलवाल्यांनो. कंगवा वाटून घेतो तशी सुई वाटून घ्यायची नाही.

दर पंधरा दिवसांनी दोरा फिरवून घेणाऱ्यांना आणखी एक कटू गोष्ट ऐकावी लागेल. उपटलेल्या केसाच्या छिद्रात सुई घालायला काही उरतच नाही, म्हणून इलेक्ट्रॉलिसिस करायचं तर थ्रेडिंग आणि वॅक्सिंग बंद. मधल्या काळात कात्री किंवा रेझर चालतो. रेझरनं केस राठ होतात ही समजूत खोटी आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला तसं लागतं. पण चेहऱ्याला रेझर लावणारी मुलगी म्हटलं की आपल्याकडे घरात जे तोंड होतं, ते सोड्यापेक्षा जास्त भाजतं.

लेसर का नको, असंही विचारतील. नको असं नाही, पण लेसरला केसातला काळा रंग लागतो. पांढऱ्या केसावर तो चालत नाही, त्वचा सावळी असेल तर जपून मारावा लागतो, आणि काही बायकांच्या चेहऱ्यावर नंतर केस उलट वाढलेलेही डॉक्टरांनी पाहिलेत. अमेरिकेचं एफडीए लेसरला 'कायमची घट' म्हणू देतं. 'कायमचं निर्मूलन' हा शब्द इलेक्ट्रॉलिसिससाठी आहे. तोही सुईच्या. सुईशिवाय नुसत्या चिमट्यानं केस धरून वीज सोडणारी यंत्रं ऑनलाइन मिळतात, त्यांत पैसे घालू नका. केसातून वीज धड वाहतच नाही.

यंत्र मागवण्याआधी डॉक्टरकडे मात्र जायलाच हवं. पाळी अनियमित असेल आणि हनुवटी-मिशीवर राठ केस येत असतील तर पीसीओएस असू शकतं. सुई एक छिद्र मारते. शरीरातले हार्मोन्स शेजारच्या लवेला राठ केस बनवतच राहतील तर ते काम म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. केस एकाएकी वाढले आणि आवाजही घोगरा व्हायला लागला, तर एक दिवसही थांबू नका. पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि जखमेच्या जागी किलॉइडच्या गाठी येणाऱ्यांनी या वाटेला आपल्या मनानं जाऊ नये. तीळ आणि पापण्यांना घरी कुणीच हात लावू नये.

आता मुहूर्ताचं. सगळे केस एका वेळी वाढीला नसतात. आज दिसतात त्यांच्या आजूबाजूला कितीतरी छिद्रं विश्रांतीत असतात, त्यांतले केस काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी वर येतात. म्हणून एका हनुवटीला वर्ष, दीड वर्ष धरायचं. पण आपल्या घरांतून या गोष्टीची आठवण होते स्थळ आल्यावर. "चैत्रापर्यंत होईल ना?" नाही होणार. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायसर नावाच्या डॉक्टरचं ट्रायको नावाचं यंत्र होतं, त्यात एक्स-रेनं चेहऱ्यावरचे केस न दुखता जायचे. बायकांनी रांगा लावल्या. पुढे त्यांतल्या कितीतरी जणींची कातडी सुरकुतली, व्रण उठले, काहींना कॅन्सर झाला. घाई असलेल्या बाईला लवकर होणारं काहीही विकता येतं, हे तेव्हाही खरं होतं.

"मग करायचंच कशाला? आहेस तशी छान आहेस," असं म्हणणारेही आहेत, आणि ते मनापासून म्हणतात. जिला पटतं तिनं खुशाल ठेवावेत. पण सकाळी सहाला उठून, कॉमन बाथरूम रिकामी असताना कात्री चालवणाऱ्या मुलीला हे वाक्य पुरत नाही. एखाद्या ट्रान्स मुलीला तर त्याहून पुरत नाही. तिला तिचा निर्णय घेऊ द्या, आणि घेतलाच तर त्यासाठी दिवा, भिंग आणि दार बंद करता येईल अशी खोली द्या. शेवटची गोष्ट आपल्या घरांत सगळ्यात दुर्मीळ.

मावशीनं आता चैत्र सोडून दिलाय. ताईची डाव्या नडगीची वीतभर जागा जवळजवळ मोकळी झालीय, सुरुवातीचे दोन काळे डाग अजून आहेत, आणि ते पुसट झाल्याशिवाय ती हनुवटीला सुई लावणार नाही म्हणते.