खिडकीचे पैसे, भिंतीची सीट

उमराहला जाताना अम्मीसाठी जादा पैसे मोजून खिडकीची सीट घेतली. तिचा पहिलाच विमानप्रवास. बसून पाहतो तर बाजूला नुसती भिंत! वेबसाइटवरच्या नकाशात तीच सीट 'विंडो' होती. अम्मी म्हणाली, "जाऊ दे बेटा, ढगच तर बघायचे होते."

घरी आल्यावर शोधत बसलो, शिक्षकाची खोड. बोइंग ७३७सारख्या काही विमानांत एसीच्या हवेच्या नळ्या भिंतीतून वर जातात. तेवढ्या जागेत खिडकी बसत नाही. म्हणजे ही सीट कोणती, हे विमान तयार होतानाच ठरलेलं असतं. कंपनीला ते ठाऊक असतं, ग्राहकाला नसतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२५मध्ये डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर प्रवाशांनी याच कारणासाठी दावे ठोकले. तिथल्याच अलास्का आणि अमेरिकन या कंपन्या 'इथे खिडकी नाही' असं बुकिंगच्या वेळीच सांगतात, हाही त्यांचा मुद्दा आहे.

ऐनवेळी विमान बदललं आणि नकाशा चुकला, तर मी समजून घेईन. पण जिथे खिडकी कधी नव्हतीच, तिचे पैसे कसे घेता? आमच्या मोहल्ल्यातला कापडवालासुद्धा ताग्यात ऐब असेल तर कात्री लावण्याआधी दाखवतो. अशा सीटवर नकाशात एक फुली मारायला कितीसा खर्च येतो? डीजीसीएने तेवढी तरी सक्तीची करावी.