गच्चीवरची शीट आणि सांडलेले तेल

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी गळतीचा विषय निघतो. हल्ली पुष्कळ कुटुंबे गच्चीवर काळी डांबरी शीट चिकटवून घेतात. त्यात कष्टाची कमाई जाते. म्हणून ही शीट कशाने टिकते आणि कशाने बिघडते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असायला हवे.

आम्ही वर्गात मुलांना सांगतो, सारखे सारख्यात विरघळते. हाताला लागलेले डांबर पाण्याने जात नाही, रॉकेलचा बोळा फिरवला की निघते. कारण दोन्ही खनिज तेलातूनच आलेली. डांबरी शीट पाऊस वर्षानुवर्षे अडवते, सौम्य आम्लही सोसते. पण जनरेटरमधून ठिबकणारे डिझेल किंवा रंगाऱ्याने सांडलेले थिनर तिला मऊ करते. सांधे सुटतात आणि पाणी आत शिरते. उन्हाच्या तापाने हे काम आणखी लवकर होते.

ईपीडीएम नावाची रबरी शीटही असते. ती ऊन आणि सौम्य आम्ल उत्तम सोसते, मात्र तेल-चरबी लागली की फुगते. पीव्हीसीची शीट तेल-चरबीपुढे त्यामानाने चांगली टिकते. हॉटेलच्या भटारखान्याची तेलकट वाफ जिथे छतावर सुटते, तिथे ती उपयोगी. पण तीच जुन्या डांबरावर थेट अंथरली, तर तिला लवचीक ठेवणारे द्रव्य डांबरात झिरपते आणि शीट कडक होऊन तडकते. म्हणून दोहोंच्या मध्ये जाड कापडी थर घालावा लागतो.

वाचकहो, आता घरातले पाहू. लग्नकार्यात देगेची चूल शीटवर मांडू नये; जी शीट गॅसच्या ज्योतीने वितळवून चिकटवतात, ती चुलीपुढे कशी टिकणार? खरकटे तेलकट पाणी गच्चीवर ओतू नये. जनरेटरखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा. डाग पडलाच तर रॉकेलने पुसू नका. साबणाच्या पाण्याने लगेच धुवा. शीटवर सिमेंटचा थर किंवा लादी असेल, तर फरशी धुण्याचे ॲसिड वापरू नका, ते सिमेंट खाते.

आणि काम देण्यापूर्वी कारागिराला आपल्या गच्चीवर काय काय सांडते, हे आधी सांगा. शीट त्यावरूनच निवडायची असते.