शॅम्पेनची तळघरे पाहू, पण आगगाडीने

पुढच्या जूनमध्ये मंडळाची सहल फ्रान्समध्ये रँसला न्यावी आणि तिथली शॅम्पेनची तळघरे पाहावीत, ही सूचना चांगली आहे. (इंग्रजीत आपण रीम्स म्हणतो, फ्रेंच माणसाला ते कळत नाही.) माझा आग्रह एवढाच, की मोटारींचा काफिला नको. लंडनहून आगगाडीने जावे.

मोटारवाले म्हणतात, स्वस्त पडते आणि येताना डिकी भरून बाटल्या आणता येतात. खरे आहे. पण सहा मोटारी म्हणजे सहा चालक, आणि पिऊन गाडी चालवण्याचा फ्रेंच कायदा इंग्लंडपेक्षा कडक. म्हणजे सहा जणांनी पेला नुसता हुंगायचा. हे सहा जण कोण, ते घरोघरी ठाऊक आहे. “तू नाहीतरी फारशी घेत नाहीस,” असे म्हणून किल्ली जिच्या हाती दिली जाते, ती.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपल्या मंडळात अशा सात-आठ जणी आहेत, ज्या यजमान होते तोवर प्रत्येक सहलीला असायच्या. ते गेले आणि यांचे येणेही थांबले. “कोणाच्या गाडीत जागा आहे का हो?” हे दर वेळी विचारणे सत्तरीतल्या बाईला जड जाते. आपण समजतो, त्यांना आता हौस उरली नाही. आगगाडीत ज्याची जागा त्याच्या तिकिटावर. उपकार कोणाचे नाहीत.

प्रवास अवघड नाही. सेंट पँक्रसहून पॅरिसचे गार द्यु नोर स्टेशन साधारण सव्वादोन-अडीच तास. तिथून दहा मिनिटे चालले की गार द लेस्त, आणि तिथून वेगवान गाडीने पाऊण तासात रँस. जाताना घड्याळात एक तास जातो, येताना परत मिळतो. सकाळची पहिली गाडी धरली तर जेवायला रँसमध्ये. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी शेंगेन व्हिसाचे आधी पाहावे, तिकीट मागाहून.

तळघर मात्र एकच पाहावे. आपल्याला तीन-तीन ठिकाणे उरकायची खोड आहे, अष्टविनायक केल्यासारखी. भेटीची वेळ आधी ठरवावी लागते. जूनमध्येही शाल घ्यावी, कारण खाली बारा महिने दहा-बारा अंश. गुडघ्यांचे विचारूनच घ्यावे. पॉमेरी यांच्याकडे एकशे सोळा पायऱ्या आहेत!

न पिणाऱ्यांनी कशाला यायचे? तर तळघरासाठी. डोव्हरचे कडे ज्या पांढऱ्या खडूचे, तोच खडू रँसच्या पोटात आहे. रोमन काळापासून बांधकामासाठी तो खणून काढला आणि खाली प्रचंड पोकळ्या राहिल्या. अठराव्या शतकापासून त्यांत शॅम्पेन ठेवू लागले. पहिल्या महायुद्धात वर तोफांचा मारा चालू असताना मुलांच्या शाळा या तळघरांत भरत. २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत यांचे नाव आहे. (आपल्या नारायणगावाजवळ १९८०च्या दशकात फसफसती वाइन होऊ लागली, ती रँसच्याच पायपर-हायडसिकच्या तांत्रिक मदतीने. तमाशाच्या गावात शॅम्पेन!)

मी ‘व्हव क्लिको’ सुचवतो. ‘व्हव’ म्हणजे विधवा. बाटलीवर ठसठशीत लिहिलेले असते. १८०५ मध्ये नवरा वारला तेव्हा बार्ब-निकोल क्लिको २७ वर्षांच्या होत्या. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकांना व्यापार करता येत नसे, विधवेला येत असे. बाईंनी पेढी हाती घेतली. बाटलीच्या तळाचा यीस्टचा गाळ काढणे ही तेव्हाची मोठी डोकेदुखी होती. त्यांच्या तळघरात फळीला भोके पाडून बाटल्या उलट्या खोचल्या आणि रोज थोड्या फिरवल्या, की गाळ बुचाशी येऊन बसे. पद्धत सर्वांनी उचलली. त्याच शतकात आपल्याकडे विधवांचे केशवपन चालू होते, हे तिथे उभे राहिल्यावर आठवल्याशिवाय राहत नाही.

स्वस्त तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे कार्यकारिणीने जानेवारीतच नावे घ्यावीत. पहिले फोन त्या सात-आठ जणींना करावेत, आणि ते अध्यक्षांनी स्वतः करावेत. व्हॉट्सॲपवर सूचना टाकून भागणार नाही.